दोन तासांत चहा कोणीच विचारला नाही

आमच्या नाट्यमंडळाची एक रीत आहे. नाटक संपल्यावर नटाला त्याचं काम कसं झालं ते कोणी लगेच सांगायचं नाही. त्याने आत यायचं, पत्र्याच्या खुर्चीवर बसायचं, डोळे मिटायचे, आणि मी खोबरेल तेलाचा बोळा त्याच्या गालावर फिरवला की मगच बोलायचं. पण मग जे बोलायचं ते खरं बोलायचं.

ही रीत उगाच पडलेली नाही. फार वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकाने विंगेतच एका राजाला सांगून टाकलं, की महाराज, आज शेवटच्या अंकात तुम्ही रेड्यासारखे ओरडत होता. राजाच्या हातात तलवार होती. तलवार पत्र्याची होती हे मान्य, पण पत्राही लागतो. टाके पडले त्याच दिवशी ठरलं, की खरं बोलायचं ते शस्त्रं ठेवल्यावर आणि डोळे मिटल्यावर. समोरच्याचे डोळे मिटलेले असले की सांगणाऱ्याला धीर येतो, आणि तोंडभर तेल असलं की ऐकणाऱ्याचा चेहरा पडलेला कोणाला दिसत नाही. रंगभूषा माझ्याकडे, म्हणून रंग पुसणं माझ्याकडे, म्हणून खरं सांगणंही माझ्याच गळ्यात आलं.

तसा मी मंडळात सगळं काही आहे, नट सोडून. नेरला माझं बिछायत केंद्र आहे. मंडप, खुर्च्या, सतरंज्या, पंगतीची भांडी, जे म्हणाल ते भाड्याने मिळेल. दुर्गोत्सवात आमचं नाटक होतं तेव्हा मंडप माझा, पडदे माझे, तोंडांवरचा रंग माझा, आणि तिसरी घंटा झाली की विंगेत बसून वाक्यं पुरवणारा प्रॉम्प्टरही मीच. लोकांसमोर उभं राहायची मला भीती वाटते. पण लोकांसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडात वाक्य सरकवायला मात्र मी आयुष्यभर एका पायावर तयार आहे.

प्रॉम्प्टरचा आवाज ही वेगळीच चीज असते, बरं का. तो रंगमंचावरच्या नटापर्यंत पोचला पाहिजे आणि पहिल्या रांगेत बसलेल्या पाहुण्यापर्यंत पोचता कामा नये. तो घशातून काढायचा नसतो, दातांच्या मागे तयार करायचा असतो. आणि विचार करायला वेळ नसतो. नट अडकला की वाक्य गेलंच पाहिजे. शिंक येते तसं.

हे सगळं अशासाठी सांगतोय, की पुढे माझ्या हातून जे झालं ते तुम्हाला समजावं आणि जमल्यास माफही करता यावं.

माझा एक मित्र आहे. नेरजवळच्या बंजारा तांड्यावर राहतो, स्वतःची कापूस-तुरीची शेती करतो, घरात गोरबोली बोलतो आणि बाहेर अशी वऱ्हाडी की ऐकणाऱ्याने पोट धरावं. आमच्या मंडळाचा तो हुकमी विनोदी नट. तरुणपणी लुगडं नेसून सासूचं काम करायचा तेव्हा गावातल्या खऱ्या सासवा त्याच्याकडे बघून शिकायच्या. एकदा ऐन प्रयोगात दिवे गेले तर हा अंधारात एकटाच तीन पात्रांच्या आवाजात भांडत राहिला, आणि दिवे आल्यावर लोक म्हणाले, बंदच ठेवा.

त्याचा दोष एकच. वाक्यं विसरतो. पण त्याचं विसरणं मला दुरून ओळखू येतं. एक हात दाराच्या चौकटीवर जातो, मान खाली होते, आणि पायाचा अंगठा जमीन उकरायला लागतो. अंगठा हलला की मी वाक्य सोडलं. इतक्या वर्षांत माझा नेम कधी चुकला नाही.

अशा या माणसाला सिनेमात घेतलं. पुण्याहून एक तरुण दिग्दर्शिका आमचं दुर्गोत्सवातलं नाटक बघायला आली होती. सगळा मंडप हसून लोळत होता आणि ही एकटी हाताची घडी घालून त्याच्याकडे बघत होती. मला वाटलं, बाईंना वऱ्हाडी कळत नसावी. प्रयोग संपल्यावर तिने त्याला विचारलं, "काका, माझ्या सिनेमात काम कराल? फक्त एक अट आहे. हसवायचं नाही."

उन्हाळ्यात राळेगावकडच्या एका खेड्यात शूटिंग झालं. मला कोणी बोलावलं नाही. मी आपणहून विचारलं, रंगभूषेला कोण आहे? तर म्हणाला, "तिथं कोणी रंग नाही लावत बे. उलट तोंड धुऊन बसवते."

"आन् प्रॉम्प्टिंगले?"

"वाक्यंच नाहीत तं प्रॉम्प्टिंग कायचं?"

म्हणजे माझ्या दोन्ही विद्या एका झटक्यात निकालात निघाल्या. मला त्या सिनेमाचा राग तेव्हापासूनच होता असं माझी बायको म्हणते. मी तिचं म्हणणं खोडून काढत नाही.

सिनेमा तयार झाला, बाहेरच्या कुठल्या कुठल्या महोत्सवांत फिरला, आणि दिग्दर्शिकेने ठरवलं की तो थिएटरात लागायच्या आधी आमच्या लोकांना दाखवायचा. नेरच्या मंगल कार्यालयात, दुपारी. त्याच्या आदल्या दिवशी मित्र माझ्या गोदामात आला. मी खुर्च्या मोजून गाडीत भरत होतो. तो एका उलट्या पातेल्यावर बसला.

"बाईनं दुसऱ्या सिनेम्यासाठी विचारलं हाये," तो म्हणाला. "मोठं काम हाये. पण शूटिंग दुर्गोत्सवात येते."

"म्हणजे नाटकाले तू नाही?"

"मी तिले हो नाही म्हटलं आन् नाही बी नाही म्हटलं. म्हटलं, आमचा एक खुर्चीवाला हाये. त्यानं सिनेमा पाह्यला, त्यानं तोंड पुसलं, का मंग सांगतो. त्याले माह्यं काम पटलं तं येतो, नाही तं आपलं नाटक बरं."

"अबे, माह्या एकट्याच्या म्हणण्यावर?"

"तू खोटं बोलत नाही ना, लेका. तुले येतच नाही."

झालं. म्हणजे मी चांगलं म्हणालो तर आमचं नाटक आपल्या मुख्य नटाला मुकणार, आणि वाईट म्हणालो तर साऱ्या गावाला वाटणार की याने नाटकासाठी मित्राच्या पायात दोरी बांधली. मी मनातल्या मनात देवीला म्हटलं, सिनेमा एक तर फार चांगला असू दे नाही तर फार वाईट असू दे. मधला नको.

देवीने नेमका मधलाच दिला.

दुसऱ्या दिवशी मंगल कार्यालय गच्च भरलं. तांड्यावरून गाड्या भरून माणसं आली. मित्राची आई, जिला तो आणि सगळा तांडा याडी म्हणतो, ती पहिल्या रांगेत, लग्नाला आल्यासारखी नवं लुगडं नेसून. तिच्या शेजारी त्याची बायको, आणि मग तो स्वतः, इस्त्रीच्या शर्टात, लग्नातल्या नवरदेवासारखा घामाघूम. खिडक्यांना माझे मरून पडदे लावलेले. खुर्च्या माझ्या. आणि खुर्च्या ज्याच्या असतात त्याला कार्यक्रम सोडून जाता येत नाही, हे या धंद्याचं दुःख आहे. मी मागे, भिंतीला टेकून बसलो. पिशवीत सवयीने खोबरेलची बाटली घेतली होती. मागच्या खोलीत पत्र्याची खुर्चीही मांडून ठेवली होती.

सिनेमा सुरू झाला.

एक माणूस. त्याची बायको वारलेली. ती गेल्यापासून त्याने बोलणं जवळजवळ सोडलेलं. घरात वयात आलेली मुलगी. ती वाट बघते की बाप कधीतरी काही बोलेल. बाप बोलत नाही. विहिरीचा रहाट कुरकुरतो. मुलगी भाकरी टाकते, बाप खातो, ताट धुतो, पालथं घालतो. शेळी आजारी पडते. शेळी मरते. रहाट कुरकुरतो. शेळीचं काम करणारी शेळीसुद्धा उत्तम होती, हे मला मान्य केलंच पाहिजे.

आणि माझा मित्र? काय सांगू तुम्हाला. मी त्या माणसाला ओळखलंच नाही. ताट धुताना त्याचे हात असे फिरत होते की ताटाला काही लागू नये, जणू त्यावर अजून कोणाचं तरी बोट आहे. मेलेल्या शेळीची दोरी सोडताना त्याने गाठ तोडली नाही, बसून नखांनी सोडवली, आणि दोरी नीट गुंडाळून खिशात ठेवली. चेहऱ्यावर काहीच नाही. पण काहीच नसलेल्या चेहऱ्यावर इतकं काही असू शकतं, हे मला रंग लावण्यात आयुष्य घालवल्यावर कळत होतं.

काम असं. आणि सिनेमा मला सोसवत नव्हता.

का ते मी तिथे बसल्या बसल्या शोधत होतो. घर आमच्याकडचंच होतं. चूल, मातीची भिंत, ऊन, सगळं तंतोतंत. मग काय नव्हतं? हळूहळू लक्षात आलं. त्या गावात कोणी कोणाची थट्टा करत नव्हतं. शेळी मेली तर शेजारी येऊन नुसते उभे राहत होते, खांबासारखे. अहो, आमच्याकडे मयताला गेलं तरी तिरडी बांधणारा बांबूवरून कोणाला तरी टोमणा मारतोच. दुःख असतं म्हणून तर मारतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, दोन तासांच्या त्या सिनेमात एवढी माणसं त्या घरी आली आणि गेली, पण कोणी कोणाला चहा विचारला नाही. पाणीसुद्धा नाही. कुठलं गाव आहे हे? आमच्याकडे वसुलीला आलेल्या माणसालाही आधी च्या पाजतात आणि मग शिव्या देतात.

पहिल्या रांगेतून याडीचा आवाज आला, "दुबळा झाला गं बाई माहा पोरगा." सून म्हणाली, "आई, तो सिनेमा हाये." याडी म्हणाली, "पोट तं त्याचंच हाये ना?"

आणि मग ते दृश्य आलं.

मुलगी घर सोडून निघते. पिशवी भरते, अंगणात येते, थांबते, वळून बघते. बाप दारात. पडद्यावर माझा मित्र, एवढा मोठा. एक हात चौकटीवर. मान खाली. मुलगी वाट बघते. तो गप्प. ती वाट बघते. तो गप्प. कॅमेरा हलत नाही. पंख्यांचा आवाज येतोय. सगळं मंगल कार्यालय श्वास रोखून बसलंय.

आणि त्याच्या पायाचा अंगठा जमीन उकरायला लागला.

मी शपथेवर सांगतो, मी ठरवून काही केलं नाही. हे मंगल कार्यालय आहे, हा पडदा आहे, हे कित्येक महिन्यांपूर्वी राळेगावकडे कधीच होऊन गेलेलं आहे, यातलं काही डोक्यात आलं नाही. डोक्यात एवढंच आलं की अंगठा हलला. आणि वाक्य गेलं.

"थांब ना माय, च्या पिऊन जा."

प्रॉम्प्टरचा आवाज नाटकाच्या गोंगाटात पहिल्या रांगेपर्यंत पोचत नाही. पण त्या शांततेत तो थेट पडद्यापर्यंत गेला. क्षणभर काहीच झालं नाही. मग पहिल्या रांगेत याडी जोरात म्हणाली, "हो ना! विचार ना तिले!" आणि सगळं सभागृह फुटलं. लोक हसले, अगदी मनापासून, दोन तासांचं साठलेलं सगळं हसू एकदम बाहेर आलं. काही बायका हसता हसता पदर डोळ्याला लावत होत्या. आणि पडद्यावर माझा मित्र तसाच उभा, मान खाली, हात चौकटीवर. जणू आम्ही सगळे त्यालाच हसत होतो.

मुलगी गेली. सिनेमा संपला. टाळ्या झाल्या, भरपूर झाल्या, पण मी त्या मोजायच्या मनःस्थितीत नव्हतो. मी मागच्या खोलीत जाऊन पत्र्याच्या खुर्चीशेजारी उभा राहिलो. तेलाची बाटली हातात. तो येईल आणि बसेल, मी म्हटलं. शिव्या देईल, पण बसेल.

तो आला नाही. खिडकीच्या पडद्याआडून पाहिलं तर तो तांड्याच्या गाडीत चढत होता. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

त्याऐवजी दिग्दर्शिका आली. दारात उभी राहिली. मी आपली शिक्षा ऐकायला तयार झालो.

"ते वाक्य तुम्ही बोललात ना?"

"माफ करा बाई. माझ्या तोंडून निघालं."

"मी त्याच जागेवर खूप दिवस अडले होते," ती म्हणाली. "तो काहीतरी बोलेल असं वाटायचं. सगळी वाक्यं लिहून बघितली. हेसुद्धा. शेवटी सगळी काढून टाकली. काका, तो थांब म्हणाला असता ना, तर ती थांबली असती. सिनेमा तिथेच संपला असता."

"मग संपू द्यायचा ना!"

ती हसली. इतक्या दिवसांत मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं. मी म्हणालो, "तुम्हाला आता माझ्याकडून हो म्हणवून घ्यायचं असेल. दुसऱ्या सिनेमासाठी."

"नाही. ते तुमच्या दोघांतलं आहे."

"मग?"

"चहा मिळतो का बघायला आले," ती म्हणाली. "दोन तासांत कोणीच विचारला नाही."

मला ती बाई तिथे आवडली. तिचा सिनेमा नाही आवडला. ती आवडली. समोरच्या टपरीवर तिला मी चहा पाजला, आणि तिने मला बशीत ओतून पिऊ दिला.

सकाळी मी बाटली घेऊन तांड्यावर गेलो. स्कूटर लावतोय तोच वहिनी अंगणातून म्हणाल्या, "या भाऊजी. तुमचे दोस्त आत बसले हायेत. सिनेम्यातल्यासारखे."

"बोलत नाहीत?"

"कालपासून ताट सोता धुऊन राह्यले. मी म्हटलं, असाच सिनेमा दरवर्षी काढा."

तो ओसरीत बसला होता. शेजारी याडी. तिने त्याच्यासमोर भाकरीवर भाकरी रचली होती, वर तुरीच्या दाण्यांची भाजी, वर लोणी. तो खात होता, कारण नाही म्हणायची सोय नव्हती. कालपासून ती त्याला अशीच भरवत होती, सिनेमातलं सगळं उपाशीपण एका दिवसात भरून काढायचं असल्यासारखी. मला बघून म्हणाली, "तू बरोबर बोल्ला काल, बेटा. च्या विचारला असता तं पोरगी गेली नसती." मग त्याच्याकडे वळून, "तुले येवढं सुचलं नाही?"

त्याने घास गिळला. माझ्याकडे बघितलं नाही.

"काहून आला?"

"तोंड पुसाले."

"रंग कुठं हाये?"

"रीत तं हाये."

त्याने पुढ्यातली भाकरी संपवली. मग हात धुतले, खांद्यावरचा टॉवेल गळ्याभोवती घेतला, खाटेच्या कडेवर बसला आणि डोळे मिटले. मी बाटली उघडली. हातावर तेल घेतलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या कोऱ्या तोंडाला लावलं. रंगाखाली हा चेहरा मी शेकडो वेळा पुसलाय. पण रंग नसताना कळलं, की डोळ्यांच्या कडेला ज्या रेघा मी पेन्सिलीने काढायचो त्या आता काढाव्या लागणार नाहीत. त्या आपोआप आल्या होत्या.

"सांग," तो म्हणाला.

"काम असं केलं तू, का मले भीती वाटली. ती दोरी खिशात घातली ना, तिथं मी मेलो. तुह्याकडून असं काम मी आजवर पाह्यलं नाही. कोणाचंच नाही पाह्यलं."

त्याच्या कपाळाची शीर जरा सैल पडली. बोळा तिथेच होता, मला कळलं.

"आन् सिनेमा?"

"सिनेमा मले नाही आवडला."

वहिनींचं अंगण झाडणं थांबलं.

"काहून?"

"दोन तास तू त्यात होता, आन् तू नव्हता. तुले हसता येते हे त्या गावाले माहीतच नाही. दोन तास मी समोर बसलो आन् मले तुले काही देता आलं नाही. एक वाक्य नाही. तू दारात एकटा, आन् मी खुर्चीवर. मले असं पाहाले नाही आवडत बे."

अंगठा हलतोय का म्हणून मी खाली बघितलं. हलत नव्हता.

"पोरीचं लग्न आठवते?" तो म्हणाला.

आठवणार नाही? त्याची मुलगी बाभुळगावला दिली. बाभुळगाव म्हणजे काही परदेश नाही. पाठवणीच्या वेळी हा गाडीच्या ड्रायव्हरला म्हणाला होता, "हळू चालव भाऊ. रस्त्यात हिचं मन बदललं तं वापस आण, भाडं मी देतो." रडणारी सगळी मंडळी हसायला लागली होती. मीही.

"ते बोललो, तुम्ही सगळे हसले, गाडी गेली," तो म्हणाला. डोळे मिटलेलेच. "मंग तुम्ही मंडप सोडाले लागले. मी दारात उभा होतो. माह्याजवळ एक वाक्य नव्हतं. बाई शूटिंगले म्हणली, मी थांबा म्हणीन तोवर दारात उभे राहा. बास. काही शिकवलं नाही. मी उभा राह्यलो, आन् ते आठवलं. त्यात मी नव्हतो म्हणतो तू. तो मीच होतो, लेका. तिथं हसवणाराच तेवढा नव्हता."

मी बोळा फिरवत राहिलो. पुसायला काही नव्हतं, पण थांबलो असतो तर त्याने डोळे उघडले असते, आणि मला तेव्हा ते नको होते.

"मंग?" शेवटी तो म्हणाला. "सुधारलं का मत?"

"नाही. आता तं आणखीनच नाही आवडला."

त्याचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं भलतंच. मग तो फुटला, तेच त्याचं ते हसू, तेलकट तोंडाने, डोळे अजून मिटलेले. "बह्याड हायेस तू. एक नंबरचा बह्याड."

"तू हो म्हण बाईले," मी म्हणालो.

त्याने डोळे उघडले. "आन् नाटक?"

"नाटकात पोराले उभं करू एखाद्या. मी देईन ना वाक्यं. पण ते दोरीचं काम तुह्याजवळ हाये आन् मंडपात ते कोणाले दिसणार नाही. मागच्या रांगेवाल्याले तं माह्या खुर्च्याच दिसते. तू जा. फक्त तिले सांग, का येका जागी तरी च्या ठेव म्हणा."

"मी नाही सांगणार. तिचा सिनेमा हाये."

"बरं, नको सांगू."

"आन् काल तू मले पडद्यावर वाक्य देलं," तो तोंड पुसत म्हणाला. "येवढा मोठा मी, अन् सगळा तांडा हसून राह्यला. मले वाटलं, मी खरंच विसरलो का काय. खुर्चीतच घाम फुटला." मग आवाज खाली आणून म्हणाला, "वाक्य चांगलं होतं पण."

याडीने मला भाकरी वाढली. नाही म्हणायची सोय मलाही नव्हती.

पुढच्या महिन्यात सिनेमा यवतमाळला लागला. त्याने दुसऱ्या सिनेमाला हो कळवलं होतं आणि नाटकातल्या त्याच्या जावयाच्या कामासाठी आम्ही एक शिकाऊ पोरगा शोधत होतो. आम्ही दोघं माझ्या गाडीतून गेलो. मी शपथ घेतली होती की तोंडावर रुमाल बांधीन. त्याने मला शेजारी बसवलं, आणि शेळी आजारी पडल्यापासून माझं मनगट धरून ठेवलं, ब्रेकवर पाय ठेवावा तसं. सिनेमा मला या वेळीही आवडला नाही. दोरी खिशात गेली तेव्हा मात्र मी पुन्हा तिथेच मेलो.

दार आलं. मुलगी अंगणात थांबली. त्याचा हात चौकटीवर, मान खाली. अंगठा हलायला लागला. मी दात घट्ट आवळले. यवतमाळचं सभागृह शहाणं होतं, कोणी हसलं नाही, कोणी खोकलंसुद्धा नाही.

माझ्या मनगटावरची पकड सैल झाली. आणि शेजारून, दातांच्या मागून, पुढच्या रांगेला ऐकू जाणार नाही इतक्या बेताने आवाज आला.

"थांब ना माय. च्या पिऊन जा."

पडद्यावरची मुलगी वळली आणि निघून गेली. आम्ही दोघं ती नजरेआड होईपर्यंत बघत राहिलो.